अकरा रुपयांची आवृत्ती

सूत्रधार-सहाच्या किमती येणार होत्या त्या सकाळी आमच्या घरात दहावीच्या निकालाचं वातावरण होतं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. इंद्रजितने इस्त्रीचा शर्ट घातला, जणू कंपनी त्याचं तोंड बघून आकडा ठरवणार होती. मी वरवर त्याला हसत होते, पण खरं सांगायचं तर मीही पहाटेपासून चारदा फोन उघडून बघितला होता.

मी केतकी सासणे. इंद्रजित माझा नवरा आणि धंद्यातला भागीदार. गडहिंग्लजला खाली आमचं ऑफिस आणि वर घर. साखर कारखान्याची यंत्रं ज्या प्रोग्रामवर चालतात ते आम्ही लिहितो. गव्हाणीत, म्हणजे ऊस मिलकडे नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, ऊस पडल्यापासून पोत्यात साखर जाईपर्यंत कुठली मोटार कधी फिरायची आणि कुठला व्हॉल्व्ह कधी मिटायचा हे तो प्रोग्राम ठरवतो. आणि तो लिहायचं आमचं अवजार म्हणजे सूत्रधार. सुताराचा रंधा असतो, तसा आमचा हा.

पूर्वी सूत्रधारची नवी आवृत्ती आली की सगळ्यांना एकच किंमत असायची. हौसेने चार ओळी लिहिणाराही तेवढेच पैसे मोजणार आणि ज्याचं पोट त्यावर चालतं तोही तेवढेच. दोघेही कंपनीला शिव्या घालायचे. सहाव्या आवृत्तीपासून कंपनीने नवी पद्धत आणली. सूत्रधार वर्षानुवर्षं आपल्या शेजारी बसून बघत असतो: आपण कुठे अडतो, काय खोडतो, कुठली चूक पुन्हा पुन्हा करतो. त्यावरून तो आपल्या कामाच्या सवयींची एक नक्कल तयार करतो. त्या नकलेला पुढच्या दोन वर्षांत येतील अशी कामं देतो, हजारो वेळा. एकदा तिच्या हातात जुनी आवृत्ती, एकदा नवी. दोन्हींतला फरक, म्हणजे जास्तीची कमाई, वाचलेला वेळ, टळलेलं नुकसान, हे त्या आवृत्तीचं त्या माणसापुरतं मोल. त्याचा दहावा हिस्सा ही किंमत. आकडा खोटा निघाला तर कंपनीला जबर दंड, असा कायदाही झालेला. त्यामुळे आकड्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

नको इतका विश्वास होता. घरांचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरला ही पद्धत आधी लागू झाली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या आर्किटेक्टला तीन लाख आले. त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याने पेढे वाटले आणि चौकात स्वतःचा बोर्ड लावला! ज्याअर्थी यंत्राला माझ्याकडून एवढी कमाई दिसते, त्याअर्थी मी मोठा माणूस, असा सरळ हिशेब. लग्नाच्या बायोडेटात शिक्षणाच्या खाली 'आलेली किंमत' असा रकाना आला. बँका कर्ज देताना विचारू लागल्या. जास्त पैसे भरावे लागले म्हणून सत्कार करणारा आपला एकमेव मुलूख असावा.

"आलं! आलं!" इंद्रजित ओरडला. "सहा लाख चाळीस हजार!"

सासूबाईंनी त्याच्या तोंडात साखर कोंबली. तो मला म्हणाला, "तुझी बघ की आता. तुला धा लाखाच्या खाली येत नाही बघ."

मी बघितली. मग चष्मा पुसून परत बघितली.

"किती?"

"अकरा."

"अकरा लाख? आयला!"

"अकरा रुपये," मी म्हणाले.

सासूबाईंच्या हातातली साखर हातातच राहिली. "कायतरी चुकलं असंल गं," त्या म्हणाल्या. "अकरा रुपये तर आपण सत्यनारायणाच्या ताटात टाकतो."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. पंधरा वर्षं मी हे काम करत होते. ज्या यंत्राने मला रोज बघितलं, त्याचं म्हणणं होतं की हिच्या हातात काहीही द्या, काही फरक पडत नाही.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'सूत्रधार-सहाची किंमत सहा लाख चाळीस हजार आल्याबद्दल मा. इंद्रजितदादा सासणे यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली मित्रमंडळाच्या वीस जणांचे फोटो, गॉगलसकट. नव्या गाळ्यासाठी साठवलेले पैसे इंद्रजितने कंपनीला भरले. माझ्या अकरा रुपयांचं काय करायचं, हे मला कुणी विचारलं नाही. मीही रागाने भरले नाहीत.

*

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच आठवड्यात निळाई कारखान्याचं बोलावणं आलं.

निळाई सहकारी साखर कारखान्याचा प्रोग्राम माझा होता. पहिल्या ओळीपासून. इंद्रजितने दुसरे कारखाने बघायचे, मी निळाई बघायची, अशी आमची वाटणी होती. या हंगामाला गव्हाण, मिल, बॉयलर, रस आटवायचे पॅन असं सगळं एकाच प्रोग्रामखाली आणायचं ठरलं होतं. असं काम आमच्या भागात कुणी केलं नव्हतं. मी दोन वर्षं त्याची स्वप्नं बघत होते, अक्षरशः. झोपेत व्हॉल्व्ह मोजायचे.

कार्यकारी संचालक म्हेत्रे मॅडम बोलायला रोखठोक बाई. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "केतकी, संचालक मंडळाचा ठराव झालाय. ज्याला जास्त किंमत आली, तो प्रमुख. मला सभासदांना तोंड द्यायचंय. उद्या काही बिघडलं तर म्हणतील, अकरा रुपयेवालीच्या हातात कारखाना दिला."

"मॅडम, हा प्रोग्राम माझा आहे."

"म्हणूनच तुम्हाला मदतीला ठेवतोय. इंद्रजित सांगतील ते करा."

मी इंद्रजितकडे बघितलं. तो बोलेल असं मला वाटलं होतं. तो टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत होता.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "एका हंगामाचा तर प्रश्न हाय. राहू दे की. घरातच हाय न्हवं काम?"

"आपलीच मोरी आणि अंघोळीची चोरी," मी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला त्याचा भयंकर राग आला होता. त्याहून वाईट म्हणजे, आत कुठेतरी मला वाटायला लागलं होतं की यंत्राचंच खरं असेल.

*

आमचं काम सुरू झालं. इंद्रजितच्या स्क्रीनवर सूत्रधार-सहा, माझ्यासमोर जुना पाच. कबूल करायला हवं, सहा जबरदस्त होता. तो नुसता लिहायला मदत करत नव्हता, पुढचं ओळखायचा. इंद्रजितने मोटार बंद करायची ओळ लिहिली की हा विचारणार: इथे वीज गेली तर? व्हॉल्व्ह उघडायची ओळ लिहिली की हा विचारणार: हा अर्धाच उघडला तर? इंद्रजित लहान पोरासारखा खूश होता. दर तासाला हाक मारायचा, "केतकी, हे बघ काय म्हणतंय!" मी बघायचे नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो खदाखदा हसायला लागला.

"हे मात्र येडं हाय. लाईट जाऊन परत आली, तर पहिल्यांदा काय चालू करा म्हणतंय म्हाईत हाय? कंट्रोल रूमच्या भिंतीवरचा पंखा! गव्हाण राहिली, मिल राहिली, आणि हे पंखा लावून वारा घेत बसणार!"

मी ताडकन उठले.

माझ्या बाबांची नूल गावात पिठाची गिरणी होती. माझ्या लहानपणी लाईट सारखी जायची. ती परत आली की बाबा कुणाला गिरणीच्या बटणाला हात लावू द्यायचे नाहीत. बायका डबे घेऊन खोळंबलेल्या असायच्या, तरी नाही. "आधी पंखा, मग गिरणी," म्हणायचे आणि कोपऱ्यातला जुना टेबलफॅन लावायचे. परत आलेली वीज सुरुवातीला कमी-जास्त होते. त्यात मोठी मोटार जळते. पंखा एकसारखा फिरायला लागला की समजायचं, वीज ठाकठीक आहे. पंखा जळलाच तर स्वस्तात सुटतं. निळाईच्या प्रोग्राममध्ये मी पहिल्याच वर्षी हे घातलं होतं. भिंतीवरचा पंखा, त्याला लागणारी वीज मोजायची, मगच पुढे. इंद्रजितने तेव्हा ते बघून मला किती चिडवलं होतं, आणि आता ते विसरूनही गेला होता! "साखर कारखाना हाय हा, तुझ्या बाबांची गिरणी न्हवं."

"थांब," मी म्हणाले.

"का गं?"

"आता तू स्क्रीनकडे बघ, मी भिंतीकडे तोंड करते. पुढची ओळ मोठ्याने वाच. सहा काय सुचवणार ते मी आधी सांगते."

त्याने ओळ वाचली. मी म्हणाले, "पाण्याची पातळी एका मापकावर विसंबून ठरवू नकोस, शेजारच्या टाकीशी ताडून बघ." त्याने स्क्रीनवरची सूचना वाचली. मग म्हणाला, "बरोबर." त्याने दुसरी ओळ वाचली. मी म्हणाले, "थांबताना आधी गव्हाण थांबव, मिल नंतर. घास तोंडात असताना ताट वाढत राहू नये." तो आणखी हळू आवाजात म्हणाला, "बरोबर. ताटाचं सोडून." तिसरी सांगितली, चौथी सांगितली. पाचवीला तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"तुला कसं कळतंय?"

"कारण हे माझं आहे!" मी ओरडलेच. "हे सगळं मी पंधरा वर्षं निळाईत लिहिलंय! सूत्रधार शेजारी बसून शिकत होता. तुमचं काम पुढच्या आवृत्तीला शिकवायला वापरू का म्हणून त्याने विचारलं होतं, आपण सगळ्यांनी 'हो' दाबलं होतं. त्याने माझ्याकडून घेतलं आणि तुला विकलं!"

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. किंमत माणसाची नव्हतीच. किंमत फरकाची होती! ज्याच्याकडे ते आधीच आहे, त्याला ती आवृत्ती नवीन काय देणार? अकरा रुपये. तेही बहुतेक नव्या रंगाचे आणि मोठ्या अक्षरांचे. अख्ख्या मुलुखाने आकडा उलटा वाचला होता. ज्यांना लाखो आले ते पेढे वाटत होते, आणि खरं तर त्यांना तेवढं शिकायचं बाकी होतं. मी टेबलावर थाप मारली आणि हसत सुटले. किती दिवसांनी असं हसले!

इंद्रजित हसत नव्हता. तो हळूच म्हणाला, "म्हणजे माझे सहा लाख चाळीस हजार..."

"त्याचं नंतर," मी म्हणाले. "आधी मला म्हेत्रे मॅडमना गाठायचंय."

*

म्हेत्रे मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "पटतंय," त्या म्हणाल्या. "पण ठराव पटण्यावर फिरत नाही, बघण्यावर फिरतो. पुढच्या सोमवारी कोरडी चाचणी आहे, ऊस न घालता. आधी इंद्रजित यांचा प्रोग्राम चालवू, मग तुमचा. तुमचा जुन्या आवृत्तीवर. जो टिकेल तो हंगामाला. आणि मध्येच मी वीज तोडणार, कधी ते सांगणार नाही."

म्हणजे माझ्याकडे आठवडा होता. आणि नुसतं बरोबरीत सुटून चालणार नव्हतं, कारण बरोबरी झाली तर ठराव कायम. सहाला माझं सगळं माहीत होतं. मग त्याला माहीत नसलेलं माझ्याकडे काय आहे? कंपनीनेच सांगितलं होतं की सहाला दोन वर्षांपूर्वीपर्यंतची कामं शिकवली आहेत. त्यानंतर मी काय शिकले?

मला महागावचं गुऱ्हाळघर आठवलं. गेल्या वर्षी तिथे नवा ट्रान्सफॉर्मर बसवताना दोन वायरी अदलाबदल झाल्या आणि रसाचा पंप उलटा फिरायला लागला. तीन वायरींच्या विजेत दोन वायरी बदलल्या की मोटार उलटी फिरते, एवढं साधं आहे ते. भिंतीवरच्या पंख्याला हे कळत नाही. तो दोनच वायरींवर चालतो, वीज उलटी असो की सुलटी, तो आपला तसाच फिरतो. बाबांच्या नियमात एक भोक होतं! तेव्हा मी मनात म्हणाले होते, कधीतरी हे प्रोग्राममध्ये घालायचं. घातलं नव्हतं. म्हणजे सूत्रधारने ते बघितलेलं नव्हतं.

मी तो आठवडा जेवणाचीही शुद्ध न ठेवता काम केलं, आणि इतका आनंद मला कॉलेजातही झाला नव्हता. बॉयलर हाऊसला मोठा एक्झॉस्ट पंखा आहे, तीन वायरींवर चालणारा. त्याच्या बाहेरच्या झडपा हवा बाहेर गेली तरच उघडतात. पंखा उलटा फिरला तर मिटलेल्याच राहतात. मी भिंतीवरचा पंखा काढला आणि हा घातला. झडपा उघडल्या तरच पुढे. इंद्रजित पलीकडच्या टेबलावर त्याचं काम करत होता. मला तो काही विचारत नव्हता, पण दुपारी माझ्यासमोर न बोलता ताक आणून ठेवायचा.

*

निळाईला कोरड्या चाचणीतही उसाची एक मोळी गव्हाणीत टाकायची रीत आहे. हार घालून, हळदकुंकू लावून. ती मिलपर्यंत जाऊ देत नाहीत, मध्येच उतरवतात आणि बैलांना घालतात. चेअरमन फेटा बांधून, सगळे संचालक मागे, अशी ती टाकली गेली. गव्हाण हलली आणि टाळ्या पडल्या. इंद्रजितचा प्रोग्राम चालू होता.

मोळी अर्ध्यावर गेली आणि म्हेत्रे मॅडमनी वीज तोडली. सगळं एका दमात शांतपणे थांबलं. पुन्हा टाळ्या. त्यांनी नवा जनरेटर सुरू करायची खूण केली. तो परवाच जोडला होता. वीज आली, कंट्रोल रूमच्या भिंतीवरचा पंखा फिरला, एकसारखा फिरला. मग गव्हाण सुरू झाली.

मोळी मागे यायला लागली.

आधी कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी "आवो, आवो!" ओरडलं. जनरेटरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या होत्या; उलटी वीज ओळखून तोडणारं उपकरण बाहेरून येणाऱ्या लाईनवर होतं, नव्या जनरेटरवर अजून बसवलं नव्हतं. हारासकट मोळी डौलात परत आली आणि चेअरमनांच्या पायाशी पडली. ते फेटा सावरत मागे सरले, मागचे संचालक एकमेकांवर आदळले, आणि इंद्रजितने धावत जाऊन बटण दाबलं म्हणून थांबलं. गव्हाणीत खरा ऊस असता तर काय झालं असतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"वायरींना हात लावू नका," म्हेत्रे मॅडम म्हणाल्या. "आहे तसंच केतकीचं चालवा."

परत मोळी, परत वीज गेली, परत जनरेटर. एक्झॉस्ट पंखा फिरला. सगळे वर बॉयलर हाऊसच्या झडपांकडे बघत होते. त्या मिटलेल्याच राहिल्या. गव्हाण जागची हलली नाही. स्क्रीनवर माझं वाक्य आलं: 'वीज उलटी आहे. जोडणी तपासा.'

मग टाळी वाजली, एकट्याचीच. इंद्रजित वाजवत होता. तो सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "मॅडम, ठराव बदला. हिला अकरा रुपये आले, कारण सहाव्या आवृत्तीत आहे ते हिचंच आहे. आणि आत्ता बघितलं ते सहाला अजून येत नाही. मला हे त्या दिवशी तुमच्या टेबलासमोर बोलायला पाहिजे होतं."

मला रडू आवरेना. प्रमुख झाले म्हणून असेल, पण त्या शेवटच्या वाक्याने जास्त.

*

किंमत पटली नाही तर फेरहिशेब मागायचा हक्क कायद्यात आहे. मी मागितला. कंपनीला लिहिलं: तुमच्याच पद्धतीने, माझं काम वगळून सूत्रधार-सहाची नक्कल तयार करा आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या किमती पुन्हा काढा. फरक किती पडतो ते कळवा. दंडाच्या भीतीने त्यांना खरं उत्तर द्यावं लागलं. उत्तर आलं तेव्हा मी शून्यं बोट ठेवून वाचली. त्या फरकाचा दहावा हिस्सा ते मला देऊ करत होते. खाली विनंती होती: एक्झॉस्ट पंख्याची कल्पनाही सातव्या आवृत्तीसाठी वापरू द्यावी.

"त्याची किंमत मी ठरवणार," मी उत्तर पाठवलं. "हंगाम झाल्यावर बोलू."

सासूबाई इंद्रजितला म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. सहा लाख घालवलेस बघ."

तो माझ्याजवळ खुर्ची ओढून बसला, वही उघडून, शाळेतल्यासारखा. "मला शिकव," म्हणाला. "पहिल्यापासून. मला किती पडंल?"

"तू भरलेस की आधीच," मी म्हणाले. "सहा लाख चाळीस हजार. पंधरा वर्षं शेजारी बसून तू माझं जेवढं ऐकलं नाहीस, त्याचा दहावा हिस्सा."

त्याने वहीत पहिली ओळ लिहिली: आधी पंखा, मग गिरणी.

हंगामाची मोळी पडली त्या दिवशी चौकात नवा फ्लेक्स होता. तेच मित्रमंडळ, तेच गॉगल. 'सूत्रधार-सहाची किंमत फक्त अकरा रुपये आल्याबद्दल सौ. केतकीवहिनी सासणे यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली छापलेल्या नावांत पहिलं नाव इंद्रजितचं होतं. आणि पलीकडच्या खांबाजवळ गल्लीतला आर्किटेक्ट शिडीवर चढून स्वतःचा तीन लाखांचा जुना बोर्ड गुपचूप उतरवत होता.